शॅमॉयच्या मागावर: होपकिन्स खोऱ्यातले दिवस

गुरुवार

क्राइस्टचर्चहून निघालो तेव्हा ऊन पडलं होतं, पण गवतावरचं दव अजून गोठलेलंच होतं. मे महिन्याचा मध्य म्हणजे न्यूझीलंडमध्ये हिवाळ्याचं तोंड. फेअरलीला ‘पाय’ (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) आणि कॉफी, मग बर्क्स पास ओलांडून टेकापो, आणि पुढे पुकाकी सरोवर. भावोजी गाडी चालवत होते. रायफली मागे कुलपात, बोल्ट काढून वेगळ्या ठेवलेल्या. परवाना, संरक्षित जमिनीवर शिकार करण्याची ऑनलाइन मिळणारी परवानगी आणि संकटात उपग्रहावरून मदत मागण्याचा बीकन निघण्याआधीच तपासून झाला होता.

पुकाकीच्या काठावर गाडी थांबवली नाही असं आजवर कधी झालेलं नाही. समोर आओराकी, म्हणजे माउंट कुक, 3,724 मीटर, दक्षिण आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर. पर्यटक त्याचे फोटो काढतात. आमचं लक्ष मात्र त्याच्या पायथ्याकडे जातं, कारण आम्ही ज्यांच्या मागे चाललो होतो ती ताहर आणि शॅमॉय, बकरीच्या कुळातली ही दोन रानटी जनावरं, या देशात पहिल्यांदा तिथेच सोडली गेली. 1904 साली इंग्लंडच्या ड्यूक ऑफ बेडफर्डने आपल्या कळपातले हिमालयन ताहर भेट म्हणून पाठवले. 1907 साली ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याच्याकडून शॅमॉय आले: दोन नर आणि सहा माद्या. जहाजातून अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या त्या आठ जनावरांची वंशावळ आज मार्लबरोपासून फियोर्डलँडपर्यंत पसरली आहे. ताहर त्या मानाने घरकोंबडा. त्याचा मुलूख मधल्या डोंगरांपुरताच आहे आणि सरकारी आराखड्यानेही तो तेवढाच आखून दिला आहे.

भावोजींना ताहरचं वेड आहे. सोनेरी आयाळ वाऱ्यावर उडवत कड्यावर उभा असलेला नर त्यांना स्वप्नातही दिसत असावा. मला ओढ आहे शॅमॉयची. इथले शिकारी त्याला लाडाने ‘शॅमी’ म्हणतात. होपकिन्सच्या खोऱ्यात दोन्ही सापडतात, खालच्या रानात सांबराच्या कुळातलं लाल हरीणही असतं. त्यामुळे वाद मिटवायला याहून चांगली जागा नव्हती.

ट्वायझल सोडल्यावर ओहाऊ सरोवराच्या काठाने रस्ता आत जातो. ऑक्टोबर 2020 मधल्या वणव्यात इथल्या वस्तीची 48 घरं जळाली होती. आता नवी घरं उभी आहेत. पुढे डांबर संपतं, मग खडी संपते, मग नदीच्या पात्रातून चाकांच्या खुणा शोधत जायचं. मॉन्युमेंट हट या डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीला पोचेपर्यंत अंधार पडला. हटच्या वहीत नावं, जाण्याची दिशा आणि परतीचा दिवस लिहिला. ही वही भरणं कुणीही टाळू नये. शोध घ्यायची वेळ आली तर सुरुवात तिच्यापासूनच होते.

शुक्रवार

उजाडायला पावणेआठ वाजतात. त्याआधीच सॅक पाठीवर होत्या.

होपकिन्स ही एका धारेत वाहणारी नदी नाही. रुंद गोट्यांच्या पात्रात तिच्या पाचसहा धारा गुंततात, सुटतात, पुन्हा गुंततात. वाट म्हणजे त्या धारांतून निवडलेला मार्ग. गुडघाभर पाणी, पण थंडी अशी की पहिल्या दोन मिनिटांनंतर पाय आपले आहेत हे आठवणीनेच कळतं. दोन्ही बाजूंना बीच झाडांचं रान. त्याच्या वर एका रेषेत झाडं संपतात आणि टसॉक गवताचे पिवळे उतार सुरू होतात. त्यावर घसारा, त्यावर कातळ, त्यावर बर्फ. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला धार, सोंड, नाळ, खिंड हे सगळं इथे लगेच ओळखू येतं. फक्त दिशा उलट्या करून घ्याव्या लागतात. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून थंडीत जनावर शोधायचं ते उत्तर उतारांवर.

रेड हटजवळ पहिल्यांदा दुर्बिणी काढल्या. ताहर दिसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. समोरच्या कड्याच्या पोटात अकरा जनावरं, त्यांत दोन मोठे नर. ऊन आलं तशी एकेक बाहेर येऊन कातळाच्या फळ्यांवर पसरली. स्पॉटिंग स्कोपमधून आयाळीचे केसन् केस दिसत होते. मोठा नर शंभर किलोंच्याही वर जातो आणि एवढं वजन घेऊन तो जिथे झोपतो, तिथे मी दोराशिवाय पाऊल टाकणार नाही.

“बघ,” भावोजी म्हणाले, “हा राजा आहे. तुझा शॅमी याच्यापुढे काय?”

उत्तर सोपं नव्हतं. ताहरची शिकार मला माहीत आहे, मनापासून आवडतेही. तिची रीत ठरलेली असते. ताहर आपल्या कड्याला धरून राहतो. सकाळी जिथे दिसला त्याच्या आसपासच तो दुपारी असतो, उद्याही असण्याची शक्यता दांडगी. खाली बसून त्याच्याभोवतीचा डोंगर वाचायचा, कुठली नाळ चढली तर वारा तोंडावर राहील ते ठरवायचं आणि मग अंगातली ताकद पणाला लावायची. कस लागतो तो पायांचा, फुप्फुसांचा आणि कड्याच्या टोकावर शाबूत राहणाऱ्या डोक्याचा.

लाल हरणाची गोष्ट आणखी वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये नर डरकाळ्या फोडतात आणि ती शिकार बरीचशी कानांनी होते. रानात धुकं आहे, दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि कुठून तरी तो गर्जतो. आपण गर्जून उत्तर द्यायचं. तो आपला पत्ता स्वतःच सांगत येतो.

शॅमॉय पत्ता सांगत नाही, आणि त्याला ठरलेला पत्ताही नसतो. तो बर्फाच्या कडेला सापडतो, टसॉकमध्ये सापडतो, आणि थंडी वाढली की खाली रानातही उतरतो. नर बहुतेक वर्ष एकटा फिरतो. आज सकाळी एका नाळेत दिसला म्हणून दुपारी तिथे जावं, तर तो तोवर दोन सोंडा ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात गेलेला असतो. दुर्बिणीतून पाहताना तो आधी दगड वाटतो, मग सावली, आणि आपण नजर फिरवून परत आणली की ती सावली तिथे नसते. ताहर शोधताना मी डोंगराचे ठरावीक भाग बघतो, शॅमॉयसाठी मात्र सगळा डोंगर बघावा लागतो. जनावर दिसो न दिसो, अशा दिवसानंतर त्या खोऱ्याची नाळन् नाळ तोंडपाठ झालेली असते.

हे मी भावोजींना असं सलग सांगू शकलो नाही. चालता चालता तुकड्यातुकड्यांनी सांगितलं आणि प्रत्येक तुकड्याला त्यांनी “हं” केलं.

दोन अडीचला एल्को हटला पोचलो. संध्याकाळी एल्को ओढ्याच्या वरच्या बाजूला, झाडांच्या रेषेपाशी, एक शॅमॉय मादी आणि तिचं पिल्लू दिसलं. इथे पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरात होतात, म्हणजे हे जेमतेम सहा महिन्यांचं. मादीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग फिकट पिवळसर, त्यावर डोळ्यांतून नाकापर्यंत उतरणारे दोन काळे पट्टे. अंगावर हिवाळ्याचा गडद, जवळजवळ काळा झालेला कोट. माद्या इथे आहेत आणि माजाचा हंगाम चालू आहे, म्हणजे नर फार लांब नसणार.

शनिवार

वायव्येचा वारा रात्रीच सुरू झाला आणि पहाटे पाऊस. डोंगर दिसेनासा झाला, नदी गढूळ होऊन गोटे वाजवू लागली. असल्या दिवशी हटमध्ये बसून राहणं हाच शहाणपणा. शेगडी पेटवली, मोजे वाळत घातले, खिचडी टाकली. एक किया पोपट छपरावर नखं वाजवत होता. त्याच्यामुळे बूट आत घ्यावे लागले, नाहीतर रबर सोलून ठेवतो.

भावोजींनी नोकरीची काही वर्षं ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये काढली आहेत. तिथल्या सहकाऱ्यांबरोबर ते टिरोलच्या डोंगरांत शिकारीला जात, स्वतः रायफल न घेता. शॅमॉयच्या मायदेशात शिकार कशी होते, हे मी त्यांच्याकडूनच ऐकत आलो आहे. तिथे प्रत्येक डोंगराला शिकारीचा भाडेपट्टा असतो. त्या वर्षी किती नर, किती माद्या, कुठल्या वयाच्या मारायच्या ते आधी ठरतं. चुकीच्या वयाचं जनावर मारलं तर नाचक्की होते. म्हणून तिथला शिकारी बार टाकण्याआधी तासभर नुसता वय ओळखत बसतो. नराच्या पाठीवरच्या लांब केसांचा झुपका टोपीत खोवण्याची पद्धत अजून आहे. आणि जनावर पडलं की झाडाची एक डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवतात, शेवटचा घास म्हणून.

इथे यातलं काहीही बंधनकारक नाही. 1930 साली या जनावरांचं संरक्षण काढून घेतलं गेलं आणि सरकारने त्यांना मारायला पगारी माणसं डोंगरात पाठवली. नंतर हेलिकॉप्टरं आली. कारण साधं आहे: वटवाघळं सोडली तर या भूमीवर जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता. इथल्या वनस्पती खुरांसाठी आणि तसल्या दातांसाठी घडलेल्याच नाहीत. माउंट कुक लिली म्हणून जे थाळीएवढ्या पानांचं, पांढऱ्या फुलांचं रोप पोस्टकार्डांवर दिसतं, ते ताहर आणि शॅमॉय दोघंही चवीने खातात. 1993 च्या आराखड्यात ताहरची संख्या सगळी मिळून 10,000 च्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. त्यावरून भांडणं होतातच. 2020 साली राष्ट्रीय उद्यानांतले ताहर नरांसकट मारायचा बेत जाहीर झाला, तेव्हा शिकाऱ्यांची बाजू थेट उच्च न्यायालयात गेली.

मला यात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ज्या हिमालयातून ताहरचं मूळ आलं, तिथे तो कमी होतो आहे आणि इथे तो जास्त झाला म्हणून मारावा लागतो. मी 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर जन्मलो. आमच्या गावाकडे शिकार म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट, आणि तिथे ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. मुन्नारच्या वर राजमलाईला निलगिरी ताहर दहा हातांवरून चरताना पाहिला आहे. त्याच्याकडे पाहताना रायफलीचा विचार मनाला शिवलाही नाही. इथे मात्र तो विचार येतो, आणि त्याची लाज वाटत नाही. डोंगर कुठला, जनावर तिथलं आहे का, आणि त्याला आवर घालणारं दुसरं कुणी आहे का, यावर सगळं अवलंबून आहे. काल मी इथल्या नियमात राहून सहज मादी मारू शकलो असतो. संख्या कमी करायची तर खरं म्हणजे माद्याच माराव्या लागतात, आणि हे आयाळीच्या मागे धावणाऱ्यांनी लक्षात ठेवलं पाहिजे. पण पिल्लू पायाशी असलेली मादी मी मारत नाही.

संध्याकाळी पाऊस थांबला, वारा दक्षिणेकडून यायला लागला. कालच्यापेक्षा खाली बर्फ उतरला होता.

रविवार

हेडलॅम्पच्या उजेडात निघालो. बीचच्या मुळांवरून वर, मग झाडं संपल्यावर सोंड धरून. ताज्या बर्फाचा पातळ थर टसॉकवर होता आणि त्याखाली स्पीअरग्रास लपलेलं. त्याची पाती पँटमधून थेट मांडीत घुसतात, म्हणून हात टेकण्याआधी काठीने चाचपायचं. डोंगरातली थंड हवा पहाटे खाली वाहते आणि उतारावर ऊन आलं की वर चढायला लागते. ती फिरायच्या आत जनावरांपेक्षा उंचावर पोचायचं होतं. नऊच्या सुमारास धारेवर आलो आणि एका कातळाआड आडवे झालो.

खाली एक छोटी वाटीसारखी दरी. तिच्यात तीन माद्या, दोन पिल्लं, बर्फ उकरून चरत होत्या. नर नाही. अर्धा तास गेला. भावोजींनी थर्मास काढला, पण झाकण उघडलं नाही.

मग समोरच्या घसाऱ्यावर दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि तो दिसला. सांगण्यापेक्षा बघावं असं ते धावणं होतं. जवळजवळ उभ्या घसाऱ्यावरून तो सरळ खाली येत होता, एकेका उडीत सातआठ मीटर. मागे दगडांचा ओघळ सुटलेला आणि तो त्या ओघळाच्याही पुढे. तळाशी बर्फाचा पट्टा होता. तो त्याने न थांबता ओलांडला, एका मादीच्या मागे अर्धी दरी पळाला, आणि अचानक काही आठवल्यासारखा थांबून मान वर केली. पाठीवरचे लांब केस उभे राहिले होते. ताहर मला नेहमी भारदस्त वाटला आहे, हरीण देखणं. पण इतकं मोकळं, इतकं बेफाम जनावर मी डोंगरात दुसरं पाहिलेलं नाही.

“बघ नीट,” भावोजी कुजबुजले. “शिंगं बघ आधी.”

शॅमॉयच्या नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, म्हणून घाई करून चालत नाही. मादीची बारीक, आकडा सैल. नराची बुडाशी जाड, आणि टोकाचा आकडा आत वळून पुन्हा खाली आलेला. याची शिंगं बुडाशी जाड होती, कानांपेक्षा चांगलीच उंच. पोटाखालचा केसांचा झुपकाही दिसला. दहा इंच शिंग झालं की इथे शिकारी हात मिळवतात. हे तेवढं असेल की नाही, याचा त्या क्षणी विचार आला नाही.

तो आमच्या बाजूला चढू लागला. शॅमॉयची ही खोड त्याला महागात पडते: काही हललेलं दिसलं की तो पळतो, पण थांबून वळून बघतोही, आणि माजावर असला की बघायला जवळही येतो. 140 मीटरवर एका खडकावर चढून तो आडवा उभा राहिला. मागे डोंगराची भिंत होती, माद्या बऱ्याच डावीकडे. मी श्वास सोडला आणि ट्रिगर दाबला. तो खडकावरून खाली टसॉकमध्ये कोसळला आणि हलला नाही. माद्यांपैकी एकीने नाकातून शिट्टीसारखा आवाज काढला आणि दरी रिकामी झाली.

त्याच्यापर्यंत उतरायला वीस मिनिटं लागली. भावोजींनी न बोलता टसॉकची एक काडी तोडली आणि त्याच्या ओठांत ठेवली. आम्ही दोघं थोडा वेळ तसेच बसून राहिलो.

मग मी त्याचा पुढचा खूर हातात घेतला. इतक्या वर्षांत हे नीट पाहिलं नव्हतं. कडा नखासारखी टणक आणि धारदार, पण आतला तळवा अंगठ्याने दाबला तर दबतो. कडा बर्फात आणि मातीत रुतते, तळवा कातळाला चिकटतो. दोन नख्या एकमेकींपासून इतक्या फाकतात की मधे माझी तीन बोटं बसली. मघाचं घसाऱ्यावरचं धावणं या एवढ्याशा गोष्टीवर चाललं होतं. शिंगांच्या मागे दोन गाठी फुगलेल्या, माजाच्या दिवसांत येणारा उग्र वास त्यांतूनच. शिंगांवर वर्षावर्षाच्या कड्या असतात. पहिल्या तीन-चार वर्षांत शिंग झपाट्याने वाढतं, पुढे वर्षाला काही मिलिमीटरच, म्हणून बुडाशी कड्या दाटीने बसतात. भावोजींनी नखाने एकेक मोजत नेल्या. आठव्या कडीवर ते थांबले. टिरोलमध्ये हा योग्य नर ठरला असता, म्हणाले.

जनावर साफ केलं. इथे शॅमॉयचा आणखी एक गुण सांगितलाच पाहिजे. नर तीस-चाळीस किलोंचा, त्यामुळे त्याचं सगळं मांस दोन माणसांच्या सॅकमध्ये बसतं. ताहरच्या मोठ्या नराचं असं होत नाही. त्याची आयाळ आणि डोकं खाली येतं, मांस बहुतेक वेळा डोंगरातच राहतं. मी स्वतः ताहरचं शक्य तेवढं आणतो, तरीही मागे वळून बघताना दरवेळी जीव तुटतो. आज मागे काही राहिलं नाही.

उतरताना पाचच्या सुमारास ऊन गेलं. गुडघे बोलायला लागले होते.

सोमवार

नदी उतरली होती. सॅक जड, पण पाय लवकर उचलत होते. रेड हटसमोरच्या कड्यावर शुक्रवारचे ताहर तिथेच होते, त्याच फळ्यांवर, मोठा नर मधोमध. भावोजी थांबले, दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही.

“जुलैत येऊ याच्यासाठी,” ते म्हणाले.

“येऊ. पण मांस सगळं आणायचं.”

“दोन फेऱ्या माराव्या लागतील.”

“मारू.”

मॉन्युमेंट हटच्या वहीत परतल्याची नोंद केली, नदीवर सुऱ्या आणि बूट घासून धुतले आणि अंधार पडल्यावर टेकापो ओलांडलं. घरी पोचलो तेव्हा ताई जागी होती. पाठीच्या मांसाचे तुकडे तिने त्याच रात्री तुपात मीठ-मिरी लावून दोन-दोन मिनिटं परतले. चरबी जवळजवळ नसल्यामुळे याहून जास्त आंच दिली तर ते वातड होतात. फऱ्याचा रस्सा चार दिवस फ्रीजमध्ये मुरल्यावर, सुकं खोबरं आणि कांदा भाजून. कुकरच्या चार शिट्ट्यांत मांस हाडापासून सुटलं. गेल्या हिवाळ्यातल्या ताहरच्या नराला आठ लागल्या होत्या आणि तरी माजाचा वास राहिलाच होता, याची ताईने भावोजींना वाढता वाढता आठवण करून दिली. त्यांनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला.